हिस्ट्री कार्डावर नसलेलं युद्ध

रंग नखानेच निघाला. खाली दुसरा रंग होता. मळकट हिरवा, लष्करी.

माझ्यासमोर टेबलावर टेल रोटरचा गिअरबॉक्स होता. हेलिकॉप्टरच्या शेपटीला जो छोटा पंखा असतो, त्याला फिरवणारी ही दातेरी चाकांची पेटी. मोठा पंखा हेलिकॉप्टर उचलतो, छोटा त्याला सरळ ठेवतो. हवेत हा छोटा बंद पडला तर अख्खं यंत्र भोवऱ्यासारखं गरगरतं. मग पायलट कितीही हुशार असो.

साल एकोणऐंशी. हवाई दलातून निवृत्त होऊन मी दोहाच्या विमानतळावर एका हेलिकॉप्टर कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलो होतो. काम सोपं सांगायचं तर, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर माणसं नेणारी दोन हेलिकॉप्टरं ठणठणीत ठेवणं आणि 'उडायला योग्य' म्हणून सही करणं.

प्रत्येक पार्टबरोबर एक हिस्ट्री कार्ड येतं. पार्ट कधी बनला, किती तास चालला, कधी मोडीत काढायचा, सगळं त्यावर असतं. या गिअरबॉक्सचं कार्ड स्वच्छ होतं. ओव्हरहॉल केलेला, म्हणजे पूर्ण सुटा करून दुरुस्त केलेला, त्यानंतर शून्य तास, सिव्हिल वापर. सिव्हिल पार्टाला लष्करी रंग कशाला?

मी बोल्टच्या भोकात बोट घातलं. बोटाला लाल माती लागली. मी बोट उजेडात धरलं.

ही माती मी आधी पाहिली होती. तीन आठवड्यांपूर्वी याच लॉटमधला पहिला गिअरबॉक्स आला, तेव्हा त्याच्याही भोकात ती होती. आमचा स्टोअरकीपर सावंत मालवणकडचा, मी राजापूरचा. कतारची वाळू पांढुरकी. लाल माती आम्हा दोघांना दोन वर्षांत दिसली नव्हती. सावंतने चिमूटभर नाकाशी नेली.

"परबानू, ही तर आपली माती आसा!"

"तुझ्याच बागेतली असेल," मी म्हटलं. माल मुंबईमार्गे आला असणार, असं आम्ही आपसांत ठरवूनही टाकलं. मग मी रॉकेलने भोक पुसलं, गिअरबॉक्स बसवला, सही केली. विचारपूस करायचं सुचलंच नाही. उलट दिवसभर गाणं गुणगुणत होतो.

आता ते हेलिकॉप्टर रिगवरून नऊ माणसं घेऊन समुद्रावर होतं. त्या नवांत सावंतही होता. सामान पोचवायला गेला होता.

आमचा अमेरिकन पायलट डेल चहाचा मग घेऊन हँगरमध्ये आला. मी त्याला बोट दाखवलं. त्याने मग खाली ठेवला.

"ही माती कुठून आली?"

"कोकणातली असेल असं वाटलं."

"नाही," तो हळू म्हणाला. "वर्षभर मी ही माती बुटांवरून धुतली आहे. व्हिएतनाम."

त्या युद्धातही डेल हेलिकॉप्टरने माणसं नेण्याचंच काम करायचा, फक्त खालून गोळ्या यायच्या. कम्युनिस्टांना रोखायला अमेरिका हजारो मैलांवर गेली, वर्षानुवर्षं लढली, आणि शेवटी तिचेच लोक रस्त्यावर उतरून 'पुरे' म्हणाले. डेल घरी परतला तेव्हा आईने फोनवर सांगितलं होतं, लोक सैनिकांवर चिडलेत, लष्करी कपडे बदल आणि मगच विमानतळाबाहेर ये. त्याची तिथली हेलिकॉप्टरं आमच्याच जातीची. पार्ट चपखल बसत.

"मोडीत काढलेलं कोणीतरी रंगवून विकलंय," तो म्हणाला. "याच लॉटमधला पहिला कुठे आहे?"

मी दारातून आकाशाकडे बघितलं. त्याला कळलं.

आम्ही मॅनेजरच्या खोलीत धावलो. तो इंग्रज होता. "कार्ड क्लीन आहे. एवढ्याशा रंगावरून मी गोंधळ घालू? क्लायंटला काय सांगू?"

"सांग, ती पेटी एक अख्खं युद्ध लढून आली आहे," डेल म्हणाला आणि त्याने रेडिओचा माइक उचलला.

हेलिकॉप्टरच्या मागे रिग दहा मिनिटांवर, पुढे दोहा वीस मिनिटांवर. मला वाटलं, रिगवर परत पाठवावं. पण रिगवर उतरायचं तर हवेत एका जागी थांबावं लागतं, आणि तेव्हाच शेपटीवर सर्वात जास्त ताण येतो. रनवेवर मात्र विमानासारखं पळत, घासत उतरता येतं. डेलने माइकवर त्या हेलिकॉप्टरच्या पायलटला तेच सांगितलं. "वेग सोडू नकोस. पेडल जोरात दाबू नकोस. सरळ ये."

ती वीस मिनिटं मी कशी काढली, मला आजही सांगता येत नाही. लॉगबुक समोर उघडं होतं, त्यात माझी सही. सावंतच्या बायकोला पत्र कोणी लिहायचं, हा विचार डोक्यात आला आणि जाता जाईना.

अखेर ठिपका दिसला. हेलिकॉप्टर खाली आलं, चाकांऐवजी असलेले दांड्यांचे पाय रनवेवर घासत, ठिणग्या उडवत लांबवर गेलं आणि थांबलं. मी तिकडे धावलो. सावंत उतरला तो चिडूनच. "कोण शिकवता ह्येका उतरूक?" मी त्याला मिठी मारली. तो आणखीच चिडला.

पेटी उघडली. एका दात्याला मुळापर्यंत तडा होता. अजून किती फेऱ्या टिकला असता? डेलने खांदे उडवले. "बहुतेक एक."

विकणाऱ्याला टेलेक्स केला. उत्तर आलं नाही.

मॅनेजरने रिपोर्टचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'बसवताना काही वेगळं आढळलं का?' असा एक रकाना होता. 'नाही' लिहिलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. सावंत तर जीव गेला तरी बोलला नसता. पण मी लिहिलं: 'हो. लाल माती. पुसून टाकली.'

सही करायचा अधिकार चार महिन्यांसाठी गेला. तेवढे दिवस मी सावंतच्या हाताखाली नट-बोल्ट मोजले आणि त्याने मला भरपूर राबवलं.

त्यानंतर बावीस वर्षं नोकरी केली. नव्या मुलांना एकच गोष्ट शिकवली. पार्ट अनोळखी वाटला तर तुम्ही तो तपासालच. ओळखीचा वाटला तर दोनदा तपासा.