शेवटची ओळ

साताऱ्याच्या कचेरीसमोर एक अर्जलेखक टाइपरायटर घेऊन बसत. सांगलीला बदली मिळावी म्हणून मी दर वर्षी करायचे तो अर्ज तेच टाइप करत. प्रत्येक इंग्रजी शब्द आधी पुटपुटत, मग बोटं आपटत. शेवटी ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असायचंच. ते कुणाला विचारून घालत नसत. मी इंग्रजीची शिक्षिका, पण त्या ओळीचा अर्थ कधी मनावर घेतला नव्हता.

एकदा रांगेत माझ्यापुढे एका जवानाची विधवा होती. पेन्शनच्या अर्जावर अंगठा उठवण्याआधी तिनं त्यांना विचारलं, “शेवटाला काय लिवलंय?”

“आपली अत्यंत आज्ञाधारक सेविका. तशी रीतच आहे, ताई.”

“मी कुनाची सेविका न्हाई. धनी लढाईत गेला माझा. हक्काचं मागतीया.”

“साहेब चिडले तर कागद परत येईल.”

“यिऊ द्या की. पुन्हा यीन.”

त्यांनी चष्मा पुसला, नवा कागद चढवला आणि सगळा अर्ज त्या ओळीवाचून पुन्हा टाइप केला.

मग माझा अर्ज. शेवटाशी त्यांचे हात थांबले. “बाई, ती ओळ ठेवू?” इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“ठेवा,” मी म्हणाले. “मला बदली हवी आहे.”