काळं कापड

देशाचा कारभार हाकणारे नेते आमच्या गावी सभेला आले. कोणी काळा झेंडा दाखवू नये म्हणून पोलीस फाटकावरच दिसेल ते काळं काढून घेत होते. ओढण्या, मोजे, छत्र्या. माझीही छत्री त्या ढिगात गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यांच्या मनात काळं कापड!

माझ्यामागच्या बाईनं कडेवरच्या लेकराच्या गालावरची तीट दाखवली. "साहेब, हीपण पुसू का?"

मला वाटलं, हवालदार हसेल. त्यानं वळून फौजदाराकडे पाहिलं.

"पुसा," फौजदार म्हणाला.

तिनं लेकरावर पदर ओढला. "दृष्ट लागू नये म्हणूनच लावलीय. ठेवा तुमची सभा तुमच्यापाशी." आणि ती माघारी फिरली.

ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. मी ढिगातून माझी छत्री उपसली आणि तिथंच उघडली.