होडीसारखी जपलेली जीप

आमच्या दारातली जुनी जीप भंगारात घालायची की दुरुस्त करायची, हे ठरवणं शेवटी माझ्या गळ्यात पडलं, कारण तिच्या कागदांवर माझं नाव आहे. मला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा कधी धरली नाही. पण जीप आली ती माझ्या मासळीच्या पाटीवर, म्हणून आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, तेव्हा म्हणाले होते, "कमाई तुजी, नाव तुजंच." असं म्हणून ते मोकळे झाले, आणि इतक्या वर्षांनी ते माझ्या अंगाशी आलं.

आम्ही कोलशेतचे, खाडीकाठचे कोळी. जीप मिलिटरीच्या लिलावातली. आमच्याकडे यायच्या आधीच तिचं अर्धं आयुष्य झालेलं. पण तेव्हा खाडीवरून घरापर्यंत नुसता मातीचा बांध होता, आणि भरतीचं पाणी चढलं की त्या बांधाचा चिखल व्हायचा. टेम्पो तिथे रुतायचा, रिक्षावाला नाव घ्यायचा नाही. ही मात्र चारी चाकांना जोर लावून, म्हशीसारखी डुलत वर यायची. मागे जाळी, बर्फाच्या पेट्या, पाट्या, आणि पाट्यांवर आम्ही चार बायका. वर्तकनगरच्या बाजारात माझी बसायची जागा ठरलेली होती. माझी गिऱ्हाइकं सांगायची, "बाई, तुमची गाडी लांबून ऐकू येते. तोवर आम्ही पिशवी घेऊन खाली उतरतो." हॉर्न कधीच बंद पडला होता, त्याची गरज लागली नाही.

पुढे खाडीत गाळ भरला, मासळी आटली, होडी विकली, माझे गुडघे गेले नि बाजार सुटला. समोर टॉवर उभे राहिले, बांधाचा डांबरी रस्ता झाला. जीप फाटकाच्या आत जी उभी राहिली ती उभीच. चाकं बसली, पत्र्याला फोड आले. उंदरांनी वायरी खाल्ल्या. एका वर्षी पुढच्या दिव्याच्या खोबणीत चिमणीनं घरटं केलं, तेव्हा मालकांनी सगळ्यांना ताकीद दिली, की जीपला कोणी हात लावायचा नाही. जसं काय आम्ही सगळे तिला घेऊन फिरायला निघालो होतो.

मालक मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यात जाऊन बसायचे. ड्रायव्हरच्या सीटवर, एक हात स्टिअरिंगवर. तिथून दोन टॉवरांच्या मधून खाडीची एक पट्टी दिसते, तेवढी बघायची, चहा प्यायचा आणि घरात यायचं. सून म्हणायची, "बाबा ऑफिसला गेलेत." कोणी फोनवर विचारलं तर तेच सांगायची.

आता यात कुणाचं काय वाईट होतं? पण मुलानं नवी गाडी बुक केली. दसऱ्याला यायची होती, आणि अंगणात जागा एकच. मुलगा माझा भांडकुदळ नाही. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून म्हणाला, "आई, तू सांगशील तसं. पण दोन गाड्या एका जागेवर उभ्या राहत नाहीत."

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, गाडी तुझ्या आईची, तिला विचार."

मी बाहेर गेले. मालक चहा पीत होते. मी म्हटलं, "अवो, काय करायचा हिचा?"

"तुजी गाडी. तुजा तू ठरव."

एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, दोन शब्द मीही बोलले असते. पण कप खाली ठेवून त्यांनी बाहीनं स्टिअरिंग पुसलं. तिला घालवणं म्हणजे या माणसाची सकाळ घालवणं होतं, आणि ते माझ्या सहीनं होणार होतं.

तरी खरं सांगते, माझं मन भंगाराकडेच झुकत होतं. कारण माझा तिच्यावर एक जुना राग होता. तिची जमीन, म्हणजे पाय ठेवायचा पत्रा, सगळा सडला होता. तो सडला मालकांच्या हलगर्जीपणानं, हे मी वीस वर्षं जाहीर सांगत आले होते. ओली जाळी तशीच टाकायची, बर्फाचं पाणी पुसायचं नाही. "होडी धुवाल, गाडी नाय धुवायचे," हे माझं पेटंट वाक्य. लग्नात, बारशात, जिथे जीपचा विषय निघेल तिथे.

ते उलट बोलायचे नाहीत. वर हे की गाडीला ते होडीसारखंच जपायचे. पाऊस सुरू व्हायच्या आधी जशी होडी वर ओढून ठोकळ्यांवर ठेवतात, तशी जीप ठोकळ्यांवर. मग खाली चटई टाकून आडवे व्हायचे आणि तिच्या पोटाला डांबर आणि तेल फासायचे, होडीचं उरलेलं. नारळी पुनवेला होडीला हार, तसा जीपला हार, वर नारळ. आळीतले लोक हसायचे. "काय नाखवा, जीप पाण्यात घालतंस का?" मीपण हसायचे. होडी विकल्यावरही त्यांचं डांबर चालूच राहिलं, गुडघे दुखत असताना सुद्धा.

भंगारवाला एकदा येऊन गेला. त्यानं फेरी मारली, पुढच्या बंपरवर सहज पाय ठेवला आणि बंपर निखळून खाली पडला. त्याचाच चेहरा पडला. म्हणाला, "ताई, मी काही केलं नाही." मालकांनी तो बंपर उचलला, घरात नेला आणि दाराच्या मागे उभा करून ठेवला. दोन दिवस आम्ही येता-जाता त्याला अडखळत होतो. तिसऱ्या दिवशी माझा अंगठा ठेचला आणि मी म्हटलं, आता पुरे. मारायचं तर मारू, पण आधी डॉक्टरला दाखवू.

कल्याणचा एक मेकॅनिक फक्त अशाच जुन्या जीपा करतो, असं मुलाच्या मित्रानं सांगितलं. तो रविवारी बाईकवरून आला. पन्नाशीचा गडी, खांद्याला पिशवी, हाताला ग्रीस मुरलेलं. चहा नको म्हणाला, आधी काम. पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि गाडीखाली शिरला.

टण. टण. टण.

तो आवाज ऐकला आणि मी हातातली भाजी टाकून उठले. माझा बापूस होड्या बांधायचा. जुनी होडी कुणी विकत घ्यायला निघालं की आधी त्याला बोलवायचे. तो असाच एकेक फळी ठोकत जायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. चांगली फळी बोलते, सडलेली फळी गप्प बसते, असं म्हणायचा. लहानपणी मी त्याच्या बाजूला बसून ऐकायचे आणि बोट दाखवायचे, ही सडली, ही नाही. लोखंड काय नि लाकूड काय, मी जीपच्या बाजूला पाटावर बसले आणि कान दिला.

"मावशी, तुम्ही कशाला उन्हात?" खालून आवाज.

"तू ठोक. मी ऐकतंय."

पुढून मागे, डावीकडून उजवीकडे, त्यानं सगळं ठोकलं. सगळीकडून टण. एक जागा सुद्धा गप्प नाही. तो बाहेर आला तेव्हा केसांत डांबराचे पोपडे होते. "चेसी झकास आहे," तो म्हणाला. "हे खाडीचं वारं, खारट पाणी, एवढ्यात चाळणी व्हायला पाहिजे होती. खाली कोणी एवढं डांबर मारलंय?"

सगळ्यांनी मालकांकडे बघितलं. मालक टॉवर मोजत होते.

मग तो वर चढला. स्क्रू ड्रायव्हर पायाखालच्या पत्र्यावर टेकवला आणि तो आरपार गेला, पापडात गेल्यासारखा. मी लगेच म्हटलं, "बघ. मी सांगत होतं ना. बर्फाचा पाणी. ह्यांच्या हलगर्जीपणानं."

"पाण्यानं नाही सडत मावशी," तो म्हणाला. "पाणी जायला कंपनीनं भोकं ठेवलेली असतात ना चार. साचलं तर सडतं. इथे साचलंय, पण का साचलं?" वाकून बघायला लागला. बोटानं चाचपलं. "भोकं बुजवलीत कोणीतरी." मग पक्कड घालून त्यानं एक बोळा ओढला. निघेना. पाय लावून ओढला तेव्हा बुचासारखा पॉक करून निघाला. त्यानं तो माझ्यासमोर धरला.

कापसाची घट्ट पिळलेली वात, वर राळ, आणि सगळ्यावर गुंडाळलेली चिंधी. डांबरानं काळी झालेली, पण आतून हिरवा काठ दिसत होता. माझ्या लुगड्याचा.

मला सगळं एकदम आठवलं. जीप दारात आली त्या दिवशी मालक नारळ आणायला गेले होते. मी आत चढून बघितलं तर तळाला चार भोकं. माझा जीवच उडाला. म्हटलं, या माणसाला लिलावात फसवलं, भोकं पडलेली गाडी गळ्यात मारली. आता त्यांना सांगितलं तर आनंदावर पाणी. म्हणून ते यायच्या आत मी होडीचा राळेचा डबा नि कापूस काढला, जुनं लुगडं फाडलं आणि बापसानं शिकवलं होतं तशी चारी भोकं गच्च बुजवून टाकली. होडीच्या पोरीला भोक दिसलं की ते बुजवायचं, एवढंच ठाऊक. हे करून मी विसरून गेले, आणि पुढची वीस वर्षं नवऱ्याला बोलत राहिले.

"मावशी, हे काम कोणाचं?" मेकॅनिक बोळा फिरवून फिरवून बघत होता. "एवढं पॅकिंग आमच्याकडे कोणाला जमत नाही. इतकी वर्षं थेंब गेला नाही खाली."

"माझा," मी म्हटलं.

आधी सून हसली. मग मुलगा. मालकांनी मात्र बोळा हातात घेऊन तो हिरवा काठ बघितला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते असे हसले, की त्यांना जीपला धरून खाली बसावं लागलं. ठसका लागला, पाणी दिलं, परत हसले. "अगो," म्हणाले, "मी खालशी डांबर लावत होतो गाडी वाचवायला. नि तू वरशी तिला तळ्यात बसवून ठेवलीस."

"मना काय म्हायती, गाडीला भोकं लागतात ती."

"वीस वर्सं बोलणी खाल्ली मी. बारशात बी."

मी मेकॅनिकला विचारलं, "खरं सांग. तुझी असती तर दुरुस्त केली असतीस?"

त्यानं इंजिनात तेल सोडून पुढून हँडल घातलं आणि जोर लावला. आधी हललं नाही, मग कुरकुरत एक फेरा फिरलं. "माझी असती तर केली असती," तो म्हणाला. "जाम झालेलं नाही. जमिनीचा पत्रा नवा, बाजूचा थोडा, वायरिंग, ब्रेक, टायर सगळं नवं लागेल. कागदांसाठी आरटीओत खेपा घालाव्या लागतील. पण एक सांगतो, शोची गाडी होणार नाही. आवाज करेल, हलेल, कुठे कुठे दुखेल. पण चालेल."

"आमचा पण तसाच चाललाय," मालक म्हणाले.

"कर मग," मी म्हटलं.

मुलानं माझ्याकडे बघितलं. जागेचा प्रश्न तसाच होता. पण तो मी मघाशी पाटावर बसल्या बसल्याच सोडवला होता. घराच्या मागे, खाडीचा ओहोळ येतो त्या बाजूला, जिथे होडी ओढून ठेवायचो तो चढ आहे. खाली चिखल, वर दगड. तिथे कुठलीच गाडी जात नाही. तिथे मी सुकट वाळत घालायच्या वल्या बांधल्या आहेत, बांबूच्या, तीस वर्षांच्या. त्या माझ्या. त्या मी काढायच्या ठरवलं. "जीप मागे राहील," मी म्हटलं. "तुझी नवी गाडी पुढे. जीपला चिखलातून जायला येतं, तुझीला येत नाही."

"आणि सुकट?" सुनेनं विचारलं.

"जीपच्या टपावर वाळत घालीन."

पावसाळाभर ती कल्याणला होती. मालक दर आठवड्याला जाऊन बसायचे, मेकॅनिक वैतागायचा आणि त्यांना स्टूल द्यायचा. मी वल्या सोडवल्या तेव्हा जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नवी गाडी दसऱ्याला आली, पांढरी, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली. मालक सकाळीच कल्याणला गेलेले. तिची पूजा चालली असताना लांबून आवाज आला. मला बघायची गरज नव्हती, मी झेंडूचा दुसरा हार करून ठेवलेलाच होता. फाटकातून आत, घराच्या बाजूनं, खाली चिखलात, आणि मग चारी चाकांना जोर लावून म्हशीसारखी डुलत चढावर. रंग तोच हिरवा, बंपर तोच, दाराच्या मागचा. बंद हॉर्न मेकॅनिकनं चालू करून दिला होता, तो मालकांनी उगाचच चारदा वाजवला.

मी तांब्याभर पाणी घेऊन गेले आणि नव्या पत्र्यावर ओतलं. मालक दुखरे गुडघे घेऊन खाली वाकले.

"येतंय?" मी विचारलं.

"तिनातून येतंय. थांब. चारीतून येतंय."

या वर्षी पावसाच्या आधी त्यांनी परत चटई टाकली आणि डांबराचा डबा काढला. मी नको म्हटलं नाही. मी फक्त झाडूच्या चार काड्या घेतल्या, डांबरानं बुजू नयेत म्हणून वरून चारी भोकांत एकेक खोवली, आणि त्यांचं डांबर लावून होईस्तोवर तिथेच, ड्रायव्हरच्या सीटवर, त्यांचा चहाचा कप सांभाळत बसले.