उलटी प्रदक्षिणा आणि आरशातला रेणू

"थांबवा," मी म्हणाले. "हा आपला रेणू नाही."

रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीची कॉन्फरन्स रूम. पडद्यावर आमची ॲनिमेशन फिल्म चालली होती. परदेशी खरेदीदारांचे तज्ज्ञ खाली प्लांट बघत होते, थोड्याच वेळात वर येणार होते.

कंपनीचे कमर्शियल मॅनेजर देसाईसाहेब हसले. "रात्रीत बदलला काय रेणू?"

बदलला होता.

मी पेणच्या एका छोट्या स्टुडिओत काम करते. सुहासदादा मालक. सीझनला हमरापूरच्या गणेशमूर्तींचे कॅटलॉग, एरवी मिळेल ते. मी केमिस्ट्री शिकलेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. रेणू जागेवर ठेवायचा आणि कॅमेरा त्याच्याभोवती गोल फिरवायचा. कॅमेऱ्याच्या वाटेवर आपण खुणा करायच्या, मधलं एकेक चित्र कॉम्प्युटर काढतो. त्याला रेंडर म्हणतात.

आदल्या दिवशी फिल्म बघून देसाईसाहेब म्हणाले होते, "कॅमेरा उलटा का जातो? उलटी प्रदक्षिणा नको. पाहुण्यांसमोर अपशकुन."

"सकाळी बदलते," मी म्हटलं. पण मला त्रास नको म्हणून दादांनी रात्रीच परस्पर चित्र फ्लिप केलं, म्हणजे डाव्याचं उजवं. कॅमेरा प्रदक्षिणेच्या दिशेने फिरू लागला. औषधाच्या नावाची पट्टी वेगळी टाकलेली, ती सरळच राहिली. वरवर सगळं ठीक.

ठीक नव्हतं. या औषधाचा रेणू आपल्या हातांसारखा दोन प्रकारचा असतो, डावा आणि उजवा. एक औषध. दुसरा त्याची आरशातली प्रतिमा, आणि तो अंगाला लागू पडत नाही. तो बाजूला काढण्यासाठी प्लांटमधली माणसं शिफ्टमागून शिफ्ट राबतात. ओळखायचं कसं? मधल्या कार्बनला चार गट जोडलेले. त्यांना आम्ही रंग दिले होते. पांढरा मागे गेला की हिरवा, लाल, निळा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे यायला हवेत. पडद्यावर ते उलटे येत होते. म्हणजे काढून टाकायचा माल आम्ही औषधाच्या नावाने मिरवत होतो.

हे मी सांगितलं.

"कुणाला कळणार?" देसाईसाहेब म्हणाले.

"ज्यांना कळतं तेच जिना चढून येतायत, साहेब."

"अहो, गोळेच आहेत ते! आता हात लावायचा नाही. फिल्म बंद दिसली तर तुमच्या स्टुडिओचं इथलं हे शेवटचं काम."

दादांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. सीझन सोडला तर या कंपनीवरच आमचा स्टुडिओ चालायचा. "गो प्राची, नको आता. रेणू तोच हाय ना?"

"नाय दादा. गणपतीचा फोटो कधी फ्लिप करता तुम्ही?"

आमच्या स्टुडिओत मूर्तीचा फोटो फ्लिप करायला सक्त मनाई. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेचं सोवळं कडक. गिऱ्हाईक तसली मूर्ती सहसा घरी नेत नाही.

दादांनी माझ्या पायावरचा पाय काढला. "साहेब, तुमच्या घरी डाव्या सोंडेचाच बसतो ना?"

"हो. का?"

"मी रेणूची सोंड उजवीकडे वळवलीय."

देसाईसाहेबांचा चेहरा उतरला. "मग बसलात काय? बदला!"

रेंडरला वेळ नव्हता. मी फ्लिप काढलं आणि मूळ क्लिप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवली. कॅमेऱ्याची दिशा बदलते, रेणू जसाच्या तसा राहतो. एवढंच करायचं होतं. पण फाइल नव्याने तयार व्हायला हवी होती. ती किती झाली ते दाखवणारी पट्टी सरकेना. जिन्यात बुटांचे आवाज आले. देसाईसाहेब दारात आडवे उभे राहिले आणि पाहुण्यांना जिन्यातल्या खिडकीतून कुंडलिका दाखवू लागले. पाहुण्यांनी नदी बघितली. पुन्हा बघितली.

फाइल उघडली तेव्हा पाहुणे खुर्च्या ओढत होते.

फिल्म अर्ध्यावर आली आणि त्यांच्यातल्या एका बाईंनी हात वर केला. "स्टॉप." पांढरा गट मागे होता. त्यांनी हवेत बोट फिरवलं: हिरवा, लाल, निळा. मग त्यांनी मान डोलावली. "गो ऑन."

कंपनीचं काम आमच्याकडेच राहिलं. देसाईसाहेबांनी दादांना निघताना सांगितलं, "पोरगी हुशार आहे, पण जरा आवरा तिला."

मला आवरायची गरज नाही. राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो. औषधाची कंपनी, औषधाचा रेणू, आणि केमिस्ट्री सांगून कुणी हललं नाही; हलले ते सोंडेला घाबरून. या वेळी भीती बरोबर बाजूला होती, एवढंच. दर वेळी ती तिथे असेल, यावर काम सोडता येत नाही. म्हणून आता फिल्म स्टुडिओतून निघण्याआधी मी स्वतः एकदा बोट फिरवून बघते.