कानातलं वारं

पोलादाचा तो गार, बारीक नाद आठवला की माझ्या कवटीत आजही काहीतरी थरथरतं. सत्तरच्या दशकात भोकरदनहून एसटीने आम्ही वहिनीला जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. चक्कर घेऊन कुणी कानाच्या डॉक्टरांकडे जातं का? आमच्या गावी चक्कर म्हणजे वारं, अंगात आलेलं दैवत! वहिनी बसल्या जागी कोसळे, जमीन गरगरते म्हणे, डाव्या कानात कुणीतरी घुमतंय म्हणे. तसं झालं की बाया हळदकुंकू घेऊन धावत आणि आपल्या घरचे प्रश्न तिला विचारत. माझी आईही विचारी. मात्र तान्हा नातू, वहिनीचाच मुलगा, ती तिच्या हाती देत नसे. पाजतानासुद्धा स्वतः धरून बसे. पाया पडायचं आणि लेकरू हिरावून घ्यायचं, हा कसला मान? मला भारी संताप यायचा.

डॉक्टरांनी दोन फाट्यांचा नादकाटा तळहातावर आपटून तिच्या कानाशी धरला. उजवीकडे तिने मान डोलावली. डावीकडे तो थरथरत राहिला आणि ती नुसतीच वाट पाहत राहिली. मग तिला बाकावर निजवून डाव्या कानात गार पाणी सोडलं. काहीच झालं नाही. थोड्या वेळाने उजव्या कानात सोडलं, आणि तिचे डोळे चालू लागले! मुद्रा निश्चल, मान निश्चल. बुबुळं तेवढी एका बाजूला सरकत, झटक्याने परतत, पुन्हा सरकत. त्या ओळखीच्या डोळ्यांमागे त्या क्षणी कुणीच नव्हतं. माणसाचा सारा तोल कुठल्या अंधाऱ्या विवरात ठेवलेला असतो, आणि चमचाभर पाणी तो हलवू शकतं! मी भिंतीला पाठ टेकून उभी राहिले.

“घाबरू नका, आत्ता थांबेल,” डॉक्टर म्हणाले. “डावा कान दुबळा झालाय, चक्कर तिथूनच येते. आली की बाईंनी लगेच आडवं व्हायचं.”

आईने ते ऐकलंच नाही. सोबत आणलेल्या बाळाला कवटाळून ती वहिनीपुढे, तिच्या अंगातल्या दैवतापुढे वाकली.

“माय, खरं सांग. लेकरू देऊ का हिच्यापाशी? पाडणार न्हाई ना?”

वहिनीचे डोळे अजून फिरत होते. उत्तर मात्र संथ, सलग आलं.

“दे. आडवी हाये मी. कशी पाडीन?”

आईने बिलकुल वेळ न लावता बाळ तिच्या छातीवर ठेवलं. बुबुळं थांबली तेव्हा वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती हमसून रडली. त्या दिवसापासून बाळ तिच्याच कुशीत झोपू लागलं. ते उत्तर तिचं होतं की आणखी कुणाचं, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती काहीही म्हणाली तरी मला भीतीच वाटेल.