तिकडच्या गल्लीचे हाजरीबाबू

जगात वेळेवर पोचणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. बाकी आपण सगळे उशिरा उठणारे, उशिरा निघणारे आणि त्याहून उशिरा पश्चात्ताप करणारे लोक. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान कोळशाच्या खाणीत हाजरीबाबू होते, म्हणजे पाळीवर आलेल्या कामगारांची हजेरी मांडायची, हे त्यांचं काम. नोकरीभर खाणीच्या गेटवरच्या खिडकीत बसून त्यांनी माणसांचे दोनच प्रकार पाहिले, हजर आणि गैरहजर. तिसरा प्रकार असतो हे त्यांना अजूनही मान्य नाही. खाणीनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी खाणीला केलं नाही. रजिस्टर, तांबडा-निळा पेन आणि पितळी शिटी या तीन वस्तू घेऊन ते घरी आले आणि आम्हा सगळ्यांची हजेरी सुरू झाली.

मी त्यांच्या घरी जेवायला गेलो की दारातच घड्याळ पाहायचे. "मास्तर, तू सात मिनिटं लेट हायेस." मी गणिताचा शिक्षक, म्हणून मास्तर. मी म्हणायचो, "भाऊजी, जेवायलाच आलोय, पाळीवर नाही." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "भाताले काय मालूम तू कशासाठी लेट हायेस? तो थंडा होऊन राह्यला ना!" नवजात नातवंड पाहायला दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपेक्षा बाळ चार दिवस उशिरा आलं म्हणून त्याच्याकडेही त्यांनी भुवई वर करून पाहिलं होतं. बाळ रडलं. मोठीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "घ्या, त्याले बी समजलं आपण कोणाच्या घरी आलो ते."

त्यांची आणि माझी ओळख माझ्याच लग्नात झाली, तीही शिटीवर. लग्नाची वेळ साडेअकराची. बारा वाजले तरी आमची वरात मंडपाबाहेर डीजेपुढे नाचतेय. भंतेजी आत घाम पुसताहेत, सासरे हात जोडताहेत, कोणी ऐकेल तर शपथ. तेवढ्यात मंडपाच्या दारातून शिटी आली, एकच, लांब. आमच्या वरातीत निम्मे खाणीतले. त्यांचे पाय हवेतच थांबले, आणि खरं सांगतो, ते सगळे चटकन रांगेत उभे राहिले! एकानं तर खिशात हात घालून हजेरीचा बिल्ला शोधायला सुरुवात केली. पाच मिनिटांत त्रिशरण-पंचशील सुरू. माझ्या घोड्यालासुद्धा कळेना आपलं काय चुकलं.

आता ती गल्ली. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, कोळशावर वाढलेलं. खाणी आल्या, ट्रक आले, नगर परिषद आली, आणि गावाला आपण शहर झाल्याचा भास झाला. आमच्या वस्तीच्या मागून एक कच्ची गल्ली निघते आणि बंद पडलेल्या राइस मिलच्या दोन आवारांमधून थेट नदीकाठच्या मोक्षधामापर्यंत जाते. दोन्हीकडे एरंड आणि रुईची झुडपं, मध्ये एक बाभूळ. तिला नाव नाही. वस्तीत तिला 'तिकडची गल्ली' म्हणतात, तेही खालच्या आवाजात. कारण तिच्यातून फक्त मयत जायची. मोक्षधामातून परततानाही लोक हमरस्त्यानं वळसा घालून येत. एरवी त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, हा वस्तीचा नेम. आमच्या घरांनी छप्पन साली देव सोडले, भुतं सोडली, अंगारे-धुपारे सोडले, पण ही गल्ली काही सुटली नाही. चेंडू आत गेला तर पोरं नवीन चेंडू आणायची.

एकटे साडू तिथून रोज जायचे. सकाळी सहाला आत, नदीपर्यंत, परत. "भूत दिसलं तर आपलं रजिस्टर तयार हाये," म्हणायचे, "नाव सांग, गाव सांग, इथी कवापासून हायेस सांग!" वस्तीतून निघालेल्या प्रत्येक मयतीची त्यांनी नोंद ठेवली होती. कोण गेलं, किती वाजता उचललं, कोण कोण आलं. न आलेल्यांना तेराव्या दिवशी नव्हे, दुसऱ्याच दिवशी जाब विचारला जायचा.

मग एका उन्हाळ्यात त्याच रजिस्टरात मोठीबाईंचं नाव चढलं. नोंद मीच केली, त्यांचा हात चालेना. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्यांच्या मागे राहिले. बाभळीजवळ खांदेकऱ्यांनी तिरडी खाली टेकवून खांदा बदलला, तेव्हा हे जवळ आले, तिच्या पायावरचं पांढरं कापड नीट केलं आणि पुन्हा मागे गेले. त्यानंतरही त्यांची रोजची फेरी सुरूच राहिली. फरक एवढाच, की आठ मिनिटांची गल्ली त्यांना अकरा मिनिटं लागायला लागली. तीन मिनिटं बाभळीजवळ जायची. मी एकदा विचारलं, तर अंगावर आले. "भावना-बिवना काई नाई मास्तर, गुडघा दुखते." थोडं चालून झाल्यावर स्वतःच म्हणाले, "पर एक सांगून ठेवतो. मले बी इथूनच नेजो. ती गेली त्याच रस्त्यानं. दुसरा रस्ता मले मालूम नाई."

आता मला संताप येतो ती गोष्ट ऐका. राइस मिलची दोन्ही आवारं एका बिल्डरनं विकत घेतली. मध्ये ही गल्ली आडवी आली. त्याला तिथं टॉवर हवा, टॉवरला सलग जागा हवी. मग नगर परिषदेला एकाएकी साक्षात्कार झाला, की हा रस्ता 'सार्वजनिक वापरात नाही'. वापरात नसेल तर देऊन टाकू. जसं काही यांच्या सासऱ्यानं आंदण दिला होता! कायद्याप्रमाणे पाहणी करायची म्हणून दोन कर्मचारी गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून तीन दिवस बसले. खर्रा चघळत कोण येतं-जातं ते मोजत. आणि आमच्या वस्तीचं नशीब असं फुटकं, की त्या तीन दिवसांत कोणी मेलंच नाही! दोन महिने अंथरुणाला खिळलेले एक आजोबा नेमके त्याच आठवड्यात उठून बसले आणि तिखट चिवडा मागायला लागले. रोज जाणारा एकमेव माणूस, आमचे साडू, लेकीच्या गावी, मूल तालुक्याला, धान कापणीला गेलेले. उभ्या आयुष्यातली त्यांची एकुलती एक रजा.

बरं, इथंही थांबलं असतं. पण ते कर्मचारी कागद घेऊन घरोघर आले. एकच प्रश्न, "तुम्ही या गल्लीतून जाता का?" आता मला सांगा, चांगल्या धडधाकट बाईला दारात उभं करून विचारायचं, की तुम्ही मयतीच्या वाटेनं जाता का? आमच्या शेजारणीनं तर कानच पकडले. "अवं माय! आमी काऊन जाऊ जी? आमचे दुश्मन जातील!" तिनं अशी पटकन सही केली, जसं काही सही केली नाही तर संध्याकाळीच जावं लागणार. घरोघर हेच. नाई जी, नाई जात, कधीच नाई गेलो, पोरांले बी नाई जाऊ देत. एकशे एक टक्का खरं बोलले बिचारे, आणि खऱ्यानंच गळा कापला. त्या कागदावर चौथी सही माझी आहे. शिकलेला, गणिताचा मास्तर! मी काय म्हणालो माहीत आहे? "छे हो, आम्ही कशाला जातोय." आणि वर हसलो.

साडू मूलहून आले, त्यांना कळलं. ते चिडले की मोठ्यानं बोलतात, फार चिडले की गप्प होतात. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, बरोब्बर सहाला. "सोमवारी अकराले हरकतींची सुनावणी हाये. माझं एकट्याचं कोणी आयकणार नाई, मी पाहणीत गैरहजर होतो. ती चूक माझी. पर सही तुझी हाये. तू येऊन सांग, की आमाले प्रश्नच उलटा समजला. बस, एवढंच सांग."

मी हो म्हणालो. सोमवारी गेलो नाही. आमच्या शाळेच्या संस्थाचालकांची त्या टॉवरमध्ये भागी आहे, हे मला रविवारी कळलं आणि सोमवारी सकाळी मला ताप आला. असा ताप थर्मामीटरवर दिसत नाही. बायको कपाळाला हात लावून पाहून गेली. ती मोठीबाईंची धाकटी बहीण.

साडू एकटे गेले. काय घडलं ते तिथल्या शिपायानं मला सांगितलं, तो माझा जुना विद्यार्थी. त्यांनी टेबलावर रजिस्टर उघडून ठेवलं. म्हणाले, "हे सारे या रस्त्यानं गेले. तारीख हाये, वेळ हाये." साहेबांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "बाबूजी, यातला एक तरी साक्षीला येऊ शकेल का?" सगळे हसले. शिपाईपण हसला, त्यानंच कबूल केलं. हसा! माणसं मेली, त्यांना हसा, तुमच्या बापाचं काय जातंय! साडू हसू संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदावर जेवढ्या सह्या हायेत ना, त्यातला एक माणूस दाखवा जो या रस्त्यानं जाणार नाई. एकच दाखवा. मी हरकत मागं घेतो." कोणी दाखवला नाही. ठराव मात्र एकमतानं पास झाला.

रात्री ते माझ्याकडे आले नाहीत, भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तर रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. सोमवारच्या तारखेपुढे माझं नाव, आणि नावापुढे तांबड्या पेनानं 'गै.' शाळेत मी पोरांच्या नावापुढे हजारदा तेच लिहिलं असेल. आपल्या नावापुढे ते किती मोठं दिसतं हे तेव्हा कळलं.

चार महिन्यांत भिंत आली. बाभूळ गेली. लोखंडी फाटक, चौकीदार आणि हिरवागार चकचकीत फलक, त्यावर आमच्या जिल्ह्यात कधीच न दिसलेली झाडं आणि गोरी माणसं. आम्हाला 'पर्यायी मार्ग' मिळाला, म्हणजे कोळशाच्या ट्रकांचा हमरस्ता.

पहिली मयत निघाली ती आमच्या त्याच शेजारणीची, जिनं कान पकडले होते. तिरडी उचलली आणि सगळे सवयीनं त्या गल्लीकडे वळले. कोणी विचारच केला नाही. वस्तीचे पायच तिकडे वळलेले. भिंतीशी येऊन पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले. चौकीदार दांडा घेऊन बाहेर आला आणि तिरडी पाहून दांडा पाठीमागे लपवत उभा राहिला. तिचा मुलगा भिंतीकडे पाहून म्हणाला, "इथूनच तं होता ना जी?"

मग वळलो, हमरस्त्याला आलो. ट्रकांची रांग, हॉर्न, धुरळा. खांदेकरी रस्त्याच्या कडेला अडकून पडलेले, तिरडी डुगडुगतेय, कोणी थांबायला तयार नाही. इतक्यात शिटी वाजली. लांब, एकच. आमचे साडू, सत्तरी ओलांडलेले, गुडघा दुखणारे, हमरस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे! पहिल्या ट्रकनं कचकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं खाली पाहिलं, तिरडी दिसली, आणि डोक्याचा गमछा काढून मांडीवर ठेवला. मागची सगळी रांग थांबली. शेजारणीला आम्ही पार केलं.

मोक्षधामाच्या फाटकाशी साडूंनी मला बाजूला घेतलं. सुनावणीनंतर पहिल्यांदाच बोलत होते. शिटी गळ्यातून काढली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात दिली. "साऱ्यायले मी पार करून देईन, मास्तर. पर माझ्या टायमाले शिटी कोण वाजवन?"

मी शिटी खिशात घातली.

ते अजूनही रोज सहाला निघतात आणि भिंतीपर्यंत जातात. तिथं तीन मिनिटं उभे राहतात, परत येतात. परवा मी त्यांच्या आधी जाऊन उभा राहिलो, दहा मिनिटं आधी, शिटी खिशात घेऊन. ते आले. घड्याळ पाहिलं, मला पाहिलं. भुवई वर गेली नाही.

"वाजवून दाखव," म्हणाले.

मी वाजवली. पत्र्याच्या खेळण्यातून निघावा तसा आवाज आला. बाभूळ उरली नव्हती, पण असती तरी तिच्यावरचं पाखरूसुद्धा उडालं नसतं. भिंतीपलीकडचा चौकीदार खोकला, तोच आवाज मोठा. साडूंनी मान हलवली, माझ्या पोटावर हाताचा तळवा ठेवला, जरा दाबला.

"गळ्यातून नाई, मास्तर. इथून. ट्रक थांबले पायजेत."

मी पुन्हा फुंकली.