थांबाबाईंचं घड्याळ

बालवाडीच्या दारात चपला काढल्या की बाई मनगटावरचं घड्याळही काढत आणि डब्याच्या पिशवीत टाकत. रोज. मग मुलांमध्ये जमिनीवर बसत. बोलायला अडणाऱ्या मुलांची तपासणी करत त्या गावोगाव फिरायच्या. मुलाच्या वतीने कुणी उत्तर देऊ लागलं की हात वर करून म्हणायच्या, "थांबा." म्हणून नावच पडलं, थांबाबाई.

माझी धाकटी बहीण तेव्हा चार वर्षांची. तोंडात शब्द पाच-सहा, बाकी दात.

"चावते हो ही," बालवाडीच्या शिक्षिकेने गाऱ्हाणं मांडलं. "रागावून झालं, समजावून झालं. हट्टी म्हणून लिहा आणि शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवा."

आई भिंतीला टेकून उभी होती. फॉर्मवर तो एक शब्द पडला की लेक घरातून जाणार, हे तिला कळत होतं.

बाईंनी पेनाचं टोपणही काढलं नाही. "मागे एकदा घाई केली मी. दहा सेकंदांत चेंडू दिला नाही, म्हणून एका पोराला 'सांगितलेलं ऐकत नाही' लिहून मोकळी झाले. त्याला चेंडू म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. आपण जरा थांबू."

सकाळभर त्या बसून राहिल्या. बहीण दोनदा चावली. दोन्ही वेळा त्याआधी तिने शिक्षिकेचा हात ओढून, दुसऱ्या मुलाने हिसकावलेल्या आपल्या ठोकळ्याकडे बोट दाखवलं होतं. शिक्षिका हजेरी लिहीत होती.

वर्तनाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं : 'चावण्याआधी मागते.'

शिक्षिकेने वाचलं आणि ओशाळून हसली. "म्हणजे तपासणी माझीच झाली म्हणायची!"

"अर्धी. उरलेली पुढच्या आठवड्यात."

बहीण घरीच राहिली. बाई दर आठवड्याला येत राहिल्या. 'दे', 'माझं', 'नको' आले, तसं चावणं सुटलं. आज तिची टकळी सुरू झाली की शेजारी कंटाळतात, पण आईने तिला अजून एकदाही 'गप्प बस' म्हटलेलं नाही.

गेल्या वर्षी बाई आजारी होत्या, तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो. ती शेवटची भेट. बहीण नव्या नोकरीचं सांगत होती, मधेच एखाद्या शब्दाशी अडत, तो पुन्हा उचलत. मी घड्याळ बघून उठले. "चल गं, बस चुकेल."

बाईंनी पाठीमागची उशी सारखी केली.

"चुकू दे. पुढची साडेपाचला आहे."